‘भस्म्या’ची भूक आणि भस्मासुराचा गोंधळ

प्रश्न इंदूरचा आहे. सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी रिचवून घरी आल्यावर पुन्हा डबे उघडणाऱ्या नातवाला आजी म्हणते, “भस्म्या झालाय का रे?” हा शब्द भस्मासुरावरून आला का?

नाही. भस्मासुर दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याची राख करायचा. खादाडपणाशी त्याचा संबंध नाही. तो मान बकासुराचा.

भस्म्या हे रोगाचं नाव. आयुर्वेदात त्याला अत्यग्नी किंवा भस्मक म्हणतात. कफ क्षीण झाला आणि वाढलेल्या पित्ताला वाताची साथ मिळाली की जठराग्नी भडकतो. अन्न भराभर जाळतो आणि ते संपलं की शरीरातले धातूच (रक्त, मांस वगैरे) जाळायला लागतो. जेवलं की बरं वाटतं, पचलं की पुन्हा जीव कासावीस. म्हणून उपचारही आगीवर पाणी ओतल्यासारखा: जड, गोड, स्निग्ध, थंड अन्न, म्हणजे खीर, तूप.

मराठीने भस्मकचा ‘क’ टाकला आणि ‘या’ जोडला. लाळ्या, फऱ्या, हळद्या ही रोगांची नावं याच घडणीची. ‘रोग’ पुल्लिंगी, म्हणून नातीलाही भस्म्याच होतो, ‘भस्मी’ नाही.

खरी गंमत मुळाशी आहे. संस्कृत ‘भस्’ धातूचा अर्थच चावणे, फस्त करणे. ऋग्वेदात ‘भस्मन्’ म्हणजे खाऊन टाकणारा. आगीने खाऊन उरलेली ती राख, हा अर्थ त्यातूनच आला. म्हणजे राखेचा शब्द फिरून पुन्हा खाण्यावर आला! ‘भूक’ मात्र वेगळ्या घरची: भुज् (खाणे) याचं इच्छादर्शक रूप बुभुक्षा, त्यावरून भूक; जसं पा (पिणे) वरून पिपासा.

वापरताना एवढं सांभाळा. दिवसभराच्या उपासानंतर लागते ती कडकडून भूक. समोरचं पाहून सुटते ती वखवख. खाऊनही भागत नाही तो भस्म्या. त्यामुळे “सकाळपासून काही खाल्लं नाही, भस्म्या झालाय” हे चुकीचं. लाचखाऊ माणसाला मात्र हा शब्द चपखल बसतो. आणि खरोखरच खाणं वाढूनही वजन उतरत असेल, तहान भागत नसेल, तर शब्दकोश मिटून साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावं.