बाईंना विचारा : राष्ट्रगीताला डोळे भरून येतात, हा वेडेपणा का?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी वीस वर्षांची आहे. परवा टीव्हीवर आपल्या एका खेळाडूला सुवर्णपदक मिळालं. झेंडा वर जायला लागला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शेजारी बसलेला मोठा भाऊ हसला. म्हणाला, "त्या खेळाडूला तू ओळखत नाहीस, त्याच्या सरावात तुझ्या घामाचा थेंब नाही. आणि सीमेपलीकडच्या घरात जन्मली असतीस, तर आत्ता हरलो म्हणून रडत असतीस. जन्म हा अपघात. अपघाताचा कसला अभिमान?" मला उत्तर सुचलं नाही. वर रात्री फोन उघडला, तर माझ्यासारख्याच आनंदानं वेडी झालेली माणसं हरलेल्या खेळाडूला आणि त्याच्या देशाला इतकं घाणेरडं बोलत होती की पोटात ढवळलं. मग माझं रडू चांगलं की वाईट?

उत्तर : अगं, आधी भावाचं बघू. तो हुशार आहे आणि निम्मा बरोबरही आहे. जन्म हा अपघात, यात वादच नाही. पण आईसुद्धा अपघातानंच मिळते की! चार बायकांच्या मुलाखती घेऊन कुणी आई ठरवलेली नाही. जे निवडलं त्याच्यावरच प्रेम करायचं असा नियम लावला, तर त्याला तुझ्यावरची मायाही सोडावी लागेल. त्यानं तुला कुठे निवडलं होतं?

आईची उपमा मी इथेच थांबवते, फार ताणली की ती फसवते. आई रोज समोर असते. देश म्हणजे कोट्यवधी माणसं आणि त्यातली शे-दोनशे आपल्या ओळखीची. बाकीची सगळी आपण मनात धरून चालतो. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकानं १९८३ साली राष्ट्राला 'कल्पिलेला समाज' म्हटलं ते याच अर्थानं. कल्पिलेला म्हणजे खोटा नव्हे. नोटेची किंमतही सगळ्यांनी मानली म्हणूनच असते, तरी तिच्यावर संसार चालतात. मूलबाळ नसलेला माणूस दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळेसाठी कर भरतो. कधी नकाशातही न पाहिलेल्या गावात पूर आला, तर लोक मदत पाठवतात. 'आपली माणसं' ही भावनाच नसेल, तर नुसत्या कायद्याच्या धाकावर हे फार दिवस रेटता येत नाही. तुझं रडू याच भावनेतून आलं. त्यात वेडेपणा काही नाही. मलाही येतं. या वयात कशानंही येतं, ते सोड.

आता फोनवरची माणसं. तुला ढवळलं ते योग्यच होतं, पण ती माणसं कुठल्या वेगळ्या मातीची आहेत असं समजू नकोस. १९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली, कुठली आवडली ते विचारलं आणि त्यावरून त्यांचे दोन गट केल्याचं सांगितलं. खरं तर गट कसेही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. आपल्या गटात कोण आहे, हेही कुणाला माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला दोन्ही गटांतल्या अनोळखी मुलांना थोडे पैसे वाटायला सांगितले. स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, ते अपेक्षितच होतं. मला झोंबलं ते पुढचं. आपल्या गटाला सगळ्यात जास्त मिळेल असा पर्याय समोर असतानाही, आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्याला आपल्यापेक्षा बरंच कमी मिळावं, याकडे त्यांचा कल दिसला. भांडण नाही, इतिहास नाही, सीमा नाही. फक्त एका चित्रकाराचं नाव.

हा ताजफेल स्वतः पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या हाती सापडला. पोलिश असल्याचं लपवून फ्रेंच युद्धकैदी म्हणून राहिला, म्हणून वाचला. परत आला तेव्हा त्याच्या कुटुंबातलं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. एवढं भोगलेल्या माणसानं अभ्यासाला काय घ्यावं, तर गट पाडायला किती कमी पुरतं!

तेव्हा 'आपण' म्हटलं की 'ते' आपोआप तयार होतात, त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही. पदक देताना झेंडे तीन वर जातात, गीत मात्र एकाचंच वाजतं. पुढच्या वेळी डोळे पुसून झाले की बाजूच्या दोन झेंड्यांकडे बघ. तिकडेही कुणी तरी तुझ्याच वयाची मुलगी सोफ्यावर बसून रडते आहे.

आपल्या भाषेत या भावनेला तीन शब्द आहेत, देशाभिमान, देशप्रेम आणि देशभक्ती. आपण ते एकाच पिशवीत कोंबतो. अभिमानाला तुलना लागते. कुणी तरी खाली असल्याशिवाय आपण वर आहोत हे कळणार कसं? 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' याची सुरुवात तिथूनच. भक्तीला तुलना लागत नाही, पण तिला प्रश्न चालत नाहीत. देव चुकतो असं भक्त म्हणत नाही. देश माणसांनी केलेला असतो, माणसंच तो चालवतात, म्हणून तो चुकतो, कधी भयंकर चुकतो. प्रेमाचं तसं नाही. प्रेमाला दोष दिसतात आणि तरी ते उठून जात नाही. मला विचारशील तर देशाच्या बाबतीत मी प्रेमावर थांबते. भक्ती हा शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो आणि मला सगळ्यात कमी मानवतो.

हे कळायला मला उशीर झाला, तेही सांगते. मी ३४ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखा जोडलेला विषय. एका वर्षी सातवीला दहा वाक्यं लिहायला दिली, 'मला माझ्या देशाचा अभिमान का वाटतो?' मागच्या बाकावरच्या एका मुलानं नऊ वाक्यं चारचौघांसारखी लिहिली. दहावं असं होतं, "रस्त्यात पडलेल्या माणसाला कोणी उचलत नाही याची मला लाज वाटते." मी लाल पेनानं खाली रेघ ओढली, शेजारी 'विषय सोडून' लिहिलं आणि एक गुण कापला. मुलगा काही बोलला नाही, वही घेऊन गेला. आता वाटतं, दहा वाक्यांत विषयाला धरून तेवढं एकच होतं. परक्या देशात कुणी पडलेल्या माणसाला उचललं नाही, तर आपल्याला वाईट वाटतं. लाज वाटत नाही. लाज फक्त आपल्यांची वाटते.

विली ब्रांटचं उदाहरण मी मग पुढे दरवर्षी वर्गात सांगू लागले. ७ डिसेंबर १९७०. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर ब्रांट पोलंडची राजधानी वॉर्सात नाझींविरुद्धच्या ज्यूंच्या उठावाच्या स्मारकापाशी गेले, पुष्पचक्राच्या फिती सरळ केल्या, दोन पावलं मागे आले आणि ओल्या दगडावर गुडघे टेकून तसेच राहिले. आता गंमत बघ. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडात या माणसाचा काडीचाही हात नव्हता. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ साली, ते नॉर्वेला पळाले होते. नाझींनी त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. 'माझा काय संबंध?' म्हणायचा हक्क अख्ख्या जर्मनीत कुणाला असेल तर त्यांना होता. तरी गुडघे त्यांनीच टेकले. देशातल्या लोकांना ते आवडलं का? त्या वेळच्या एका पाहणीत ४८ टक्के जर्मनांना ते अती वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य वाटलं. म्हणजे निम्म्या देशाच्या मते त्यांनी देशाची मान खाली घातली. मला विचारशील तर त्यांच्याइतकं प्रेम त्या देशावर फार थोड्यांनी केलं असेल.

भावाला एकदा सहज विचार, आपल्या देशातली एखादी बातमी वाचून तो कधी शरमेनं फोन पालथा ठेवतो का? ठेवत असेल, तर जन्माच्या अपघाताचा हिशेब त्यालाही जमलेला नाही.

प्रश्न : मी निवृत्त अधिकारी आहे. देशाच्या चुका उठसूट चव्हाट्यावर मांडणाऱ्यांना आपण देशप्रेमी कसे म्हणता? घरातले वाद घरात ठेवावेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपलीच म्हण आहे ना?

उत्तर : म्हण आपलीच आहे, पण ती रिकाम्या मुठीबद्दल आहे, हे आपल्यासारख्यांना मी काय सांगावं! मुठीत निरपराध माणूस असेल तर ती लागू पडत नाही.

आपण अधिकारी होतात म्हणून एका अधिकाऱ्याचीच गोष्ट सांगते. १८९४ साली फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला जर्मनीसाठी हेरगिरी केल्याबद्दल जन्मठेप झाली. त्याला समुद्रापलीकडच्या डेव्हिल्स बेटावर ठेवलं. दोन वर्षांनी लष्करी गुप्तचर विभागाचा प्रमुख जॉर्ज पिकार याच्या हाती कागद लागले, त्यानं हस्ताक्षरं ताडून पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं की पुराव्याच्या कागदावरचं अक्षर ड्रायफसचं नाहीच, एस्तेरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचं आहे. पिकार काही ज्यूंचा कैवारी नव्हता. त्या काळच्या अधिकाऱ्यांमध्ये सर्रास असलेली अढी त्याच्याही मनात होती. तो वरिष्ठांकडे गेला. जनरल गोंझ यांनी त्याला विचारलं, तो ज्यू बेटावर राहिला तर तुमचं काय जातं? आणि पुढे म्हणाले, तुम्ही बोलला नाहीत तर कुणालाही कळणार नाही.

अगदी आपलीच म्हण, फ्रेंचमध्ये. हे रहस्य मी माझ्याबरोबर थडग्यात नेणार नाही, असं पिकारनं सांगितलं. त्याची ट्युनिशियाला बदली झाली, मग नोकरी गेली, मग जवळजवळ वर्षभर तुरुंग. सैन्याची अब्रू वाचवायला निघालेले सगळे स्वतःला देशप्रेमी म्हणवत होते आणि तो द्रोही ठरला होता. १९०६ साली ड्रायफस निर्दोष ठरला आणि त्याच वर्षी पिकार फ्रान्सचा युद्धमंत्री झाला. पण निकाल लागायला बारा वर्षं गेली आणि तेवढा सगळा काळ खरा हेर मोकळा होता. झाकून देशाचा काय फायदा झाला, ते आपणच सांगा.

एक मान्य करते. चुका काढणारा प्रत्येक जण पिकार नसतो. काहींना नुसतं नाक मुरडायचं असतं, 'आपल्याकडे असंच' म्हणून पुढच्या गप्पांना लागायचं असतं. त्यांचा मलाही कंटाळा येतो. पण त्यांना ओळखायची माझी खूण त्यांचा आवाज किती मोठा ही नाही, बोलण्यापायी त्यांनी स्वतः काही गमावलं का, ही आहे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी राष्ट्रगीताला सरळ उभी राहते, पण गात नाही. तिच्या धर्मात चालत नाही म्हणते. मुलं तिला 'देशद्रोही' म्हणून चिडवतात, माझी मुलगीही त्यात होती. तिला काय सांगू?

उत्तर : न्यायालयांनी याचा निकाल केव्हाच दिला आहे, तोच सांगा. अमेरिकेत ऐन युद्धात, १९४३ साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की शाळकरी मुलांवर झेंड्याला सलामी देण्याची सक्ती करता येणार नाही. तीनच वर्षांपूर्वी त्याच न्यायालयानं उलटा निकाल दिला होता, तो त्यांनी स्वतःच फिरवला. आपल्याकडे केरळमधल्या तीन भावंडांना अशाच कारणानं शाळेतून काढलं होतं. ती उभी राहायची, फक्त गात नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा नाही आणि आदरानं उभं राहणं हा अपमान नाही, असं म्हटलं.

मुलीला रागावू नका, तिनं दहा जणांचं ऐकून चिडवलं असणार. एवढंच सांगा की उद्या प्रार्थनेच्या वेळी त्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहा आणि तुझ्या वाटचं नेहमीसारखं मोठ्यानं गा. डबा खायलाही तिच्याजवळच बस.