सेमसाइट लॅक्स कुकी असताना सीएसआरएफ टोकन लागतंच का?

हो, ठेवाच. सीएसआरएफ म्हणजे लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या ब्राउझरकडून, त्याच्या नकळत, दुसऱ्या साइटने तुमच्या साइटला विनंती पाठवायला लावणं. टोकन म्हणजे विनंती तुमच्याच पानावरून आली हे पटवणारा गुप्त कोड. सेमसाइट ही दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी जावी की नाही हे ठरवणारी सेटिंग आणि लॅक्स हा तिचा एक पर्याय. लॅक्समुळे दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीसोबत कुकी जात नाही, हे खरं. पण लिंकवर क्लिक करून आलेल्या गेट (पान मागवणाऱ्या) विनंतीसोबत ती जाते. तुमच्याकडे खातं डिलीट करणारा एखादा गेट मार्ग (यूआरएल) असेल (जुन्या कोडमध्ये हटकून सापडतो), तर लॅक्सचा काही उपयोग नाही. तो मार्ग आधी पोस्टवर न्या.

दुसरी गोम म्हणजे सबडोमेन (मुख्य डोमेनखालचे पत्ते). ब्राउझरच्या लेखी सहसा ती सगळी एकच साइट असते. त्यामुळे एखादं दुर्लक्षित सबडोमेन हल्लेखोराच्या हाती लागलं, की तिथून येणाऱ्या पोस्टसोबतही कुकी बिनबोभाट जाते. शिवाय क्रोम २०२० पासून सेमसाइट न लिहिलेली कुकी लॅक्स धरतं, पण कुकी तयार झाल्यावर पहिली २ मिनिटं पोस्टला सवलत देतं. म्हणून सेमसाइट स्वतः लिहा.

टोकन सेशनशी बांधलेलं, अंदाज न येणारं हवं आणि सर्व्हरवर तपासलं गेलं पाहिजे. जँगो, लाराव्हेल, रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये ही सोय तयार आहे. स्वतः लिहीत बसू नका. जोडीला ओरिजिन हेडर (विनंती कुठल्या साइटवरून आली हे सांगणारी नोंद) तपासा. मात्र साइटवर एक्सएसएस (हल्लेखोराची स्क्रिप्ट तुमच्या पानात चालू देणारी त्रुटी) असेल, तर टोकनही वाचता येतं. ते भोक आधी बुजवा.