मध्यस्थीला बसलो म्हणजे हार मानली का?

"मी मध्यस्थीला तयार झालो, तर समोरच्याला वाटेल याची बाजूच लंगडी आहे." ही शंका पहिल्या भेटीत जवळजवळ प्रत्येक जण बोलून दाखवतो. त्यावर एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

खाली राहणाऱ्या बाईंच्या छताला ओल धरली होती, पोपडे पडत होते. वरचे गृहस्थ म्हणत, गळती आमची नाहीच. वकिलांच्या नोटिसा झाल्या होत्या. एकत्र बैठकीत आवाज चढले तसं मी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं.

वेगळ्या बैठकीत सांगितलेलं परवानगीशिवाय दुसऱ्या बाजूला कळवायचं नाही, हे मध्यस्थाचं पथ्य. त्या भरवशावर गृहस्थ बोलले. "वडिलांना धरून बाथरूमला न्यावं लागतं, रात्री तर चार-चार वेळा. घरात बाथरूम एकच. ते फोडलं तर त्यांना न्यायचं कुठं?"

"हे त्यांना सांगू?"

"नको." थोड्या वेळाने म्हणाले, "मीच सांगतो."

बाईंनी ऐकून घेतलं आणि उलट फटकारलं, "मग नोटिशीला उत्तर देण्याऐवजी हे नाही का सांगायचं?" राग होताच, पण आता बोलणं गळतीवर आलं.

ठरलं ते असं: दोघांना चालेल असा प्लंबर आणायचा, बाथरूमच्या जाळीचं तोंड बंद करून 24 तास पाणी साठवायचं आणि ओल कुठे उतरते ते पाहायचं. दोष निघाला तर वॉटरप्रूफिंगचा खर्च वरच्यांचा, छताच्या रंगाचा निम्मा-निम्मा. काम चालेल तोवर वडील खालच्या मागच्या खोलीत राहतील. हे शेवटचं बाईंनीच सुचवलं. सगळं लिहून सह्या झाल्या. दोष नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखाली पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याच्या, जोडाला निघाला.

कोर्टाने गळती कुणाची आणि भरपाई किती एवढं ठरवलं असतं. वडिलांची आठ दिवसांची सोय त्या निकालात कुठून येणार? आणि गृहस्थांनी कोर्टात आजाराचा विषय काढलाच नसता, याची मला खात्री आहे.

तेव्हा बाजू लंगडी पडण्याचं म्हणाल तर, मध्यस्थ निकाल देत नाही. पटलं नाही तर सही करू नका. कोर्टाचा रस्ता सहसा खुलाच राहतो. मात्र घरात मारहाण असेल, समोरच्याच्या धाकाने तोंडच उघडत नसेल, तर मी मध्यस्थीला बसवत नाही. तिथे आधी सुरक्षितता.

दावा लावण्याची मुदत संपत आली असेल, तर बैठकीची तारीख घेण्याआधी वकिलांना विचारा. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत आपोआप थांबते, असं धरून चालू नका.