२०१५चे मराठी सिनेमे: माझ्या लेखी उत्तम कोणते, फसलेले कोणते

तुम्ही विचारलंय की २०१५ला मराठी सिनेमाचं सोन्याचं वर्ष म्हणतात ते खरं का, आणि तेव्हा शाळेत असल्यामुळे जे हुकले त्यांपैकी आता कोणते बघावेत, कोणते सोडले तरी चालतील. त्या वर्षी मी बहुतेक शुक्रवार थिएटरात काढले होते. यातले बरेच सिनेमे नंतर घरी पुन्हा पाहिले आणि काहींबद्दलचं मत बदललं, म्हणून दोन्ही वेळचं सांगतो.

सगळ्यात वर ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिलाच सिनेमा. व्हेनिस चित्रपट महोत्सवातले पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका, हे सगळं त्याला मिळालं आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी नेमका त्याच धाकाने तो सोडून दिला. ‘कळणार नाही’ म्हणाले. अहो, न कळण्यासारखं त्यात काहीच नाही. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. बस्स, हा खटला. तारखा पडतात, साक्षीदार येत नाहीत, बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण ऐकूनच घेत नाहीत. कॅमेरा एका जागी बसून बघत राहतो, आपण कोर्टाच्या बाकावर बसून बघावं तसा.

त्यात मृत कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. ती सांगते की तो गटारात आधी दगड टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. हे ती ज्या सपाट आवाजात सांगते, त्यामागे पार्श्वसंगीताचा एक सूरसुद्धा नाही. मी त्या दिवशी थिएटरातून निघालो तो घरापर्यंत रस्त्यावरची मॅनहोलची झाकणं बघत गेलो. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील मला दुसऱ्यांदा बघताना जास्त उमजली. कोर्टात कायद्याची कलमं एका सुरात वाचणारी ही बाई लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते. तिच्या मनात कुणाबद्दल वैर नाही, आणि तरीही एक म्हातारा शाहीर तुरुंगात बसतो. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार २०२१मध्ये करोनाने गेले. ते स्वतः चळवळीतले होते. त्यांचं बोलणं, चालणं बघाच.

दुसरा ‘किल्ला’. अविनाश अरुणने दिग्दर्शनही केलंय आणि छायाचित्रणही, आणि मला वाटतं म्हणूनच त्यात कोकणातला पाऊस देखावा म्हणून येत नाही. वडील गेलेले, आईची बदली झालेली, अकरा-बारा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत. किल्ल्यावर पाऊस कोसळतो आणि मित्र त्याला एकट्याला सोडून निघून जातात, तो प्रसंग आठवला की आजही पोटात खड्डा पडतो. माझे वडील बँकेत होते, त्यांच्या बदल्यांपायी मी तीन शाळा बदलल्या. दर वेळी पहिल्या आठवड्यात डबा एकट्याने खाल्ला. त्यामुळे या सिनेमाच्या बाबतीत मी तटस्थ नाही, हे मान्य. पण अमृता सुभाषची आई बघा. तिला ऑफिसातही त्रास आहे आणि तो मुलाला सांगता येत नाही. दोघं एका घरात आपापलं दुःख सांभाळत राहतात. कुणीही ते बोलून दाखवत नाही. पार्थ भालेरावचा बंड्या आला की तुम्ही हसाल.

‘कट्यार काळजात घुसली’बद्दल माझं मत बदललं. त्या दिवाळीत मी तो तीन वेळा पाहिला, डोळे पुसत बाहेर आलो. पुन्हा पाहिला तेव्हा जाणवलं की गाणं चालू असतानाही पडद्यावर फार काही घडवत राहायची घाई आहे. हा सिनेमा ज्यावर बेतलाय त्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७च्या नाटकात जितेंद्र अभिषेकीबुवांनी संगीत दिलेली गाणी ऐकायला प्रेक्षक बसून राहायचे. इथे सूर लागतो न लागतो तोच दृश्य बदलतं. तरीही बघाच, कारण आजोबा वसंतराव देशपांडे यांनी नाटकात गाजवलेली खाँसाहेबांची गायकी राहुल देशपांडेने पडद्यावर आणलीय आणि महेश काळेचं ‘अरुणि किरणी’ आहे, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शक्यतो चांगल्या स्पीकरवर.

‘डबल सीट’ घरच्यांसोबत बघा. लालबागच्या चाळीतल्या नवराबायकोला स्वतःचं घर हवंय, एवढीच गोष्ट, आणि ती मुक्ता बर्वे आणि अंकुश चौधरी यांनी फार जीव लावून केलीय.

आता फसलेले. ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ने मला सर्वांत जास्त दुखावलं. २०१०च्या पहिल्या भागात दोनच माणसं होती, एक दिवस होता आणि पुण्याचे रस्ते होते. त्यांना नावंसुद्धा नव्हती. दुसऱ्या भागात नावं आली, दोन्हीकडची कुटुंबं आली, लग्नाची धामधूम आली, जुना प्रियकर परत आला, आणि त्या दोघांना एकमेकांशी निवांत बोलायला जागाच उरली नाही. ‘टाइमपास २’चंही तेच. पहिल्या भागातलं कोवळं प्रेम अर्धं राहिलं होतं म्हणून मनात राहिलं होतं. दगडू आणि प्राजक्ता मोठे झाले, कलाकार बदलले, आणि मला ते दोघं ओळखूच येईनात.

‘देऊळ बंद’बद्दल वाद होईल, कारण तो खूप चालला आणि स्वामी समर्थांवर श्रद्धा असलेल्या माझ्या आईला तो मनापासून आवडला. मोहन जोशींचे स्वामी मलाही आवडले. माझी तक्रार लिहिण्याबद्दल आहे. देव न मानणारा शास्त्रज्ञ इतका उद्धट रंगवलाय की त्याची बाजू पहिल्या अर्ध्या तासातच पडते. समोरच्याला नीट बोलू दिलं असतं तर श्रद्धेची बाजूही जास्त खोल गेली असती.

सोन्याचं वर्ष होतं का? माझ्यासाठी होतं. एप्रिलमध्ये ‘कोर्ट’ आणि जूनमध्ये ‘किल्ला’ प्रदर्शित झालेलं दुसरं वर्ष मला माहीत नाही.

सुरुवात ‘किल्ला’पासून करा, ‘कोर्ट’ नंतर. शेवटाकडे कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. आमच्या खेळाला त्या क्षणी निम्मी माणसं उठून दाराकडे निघाली होती. तुम्ही उठू नका. पुढे अजून एक मोठा प्रसंग आहे, न्यायाधीशांच्या उन्हाळी सुट्टीचा. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही. बघून झालं की सांगा, मग त्यावर बोलू.