ख्रिस्ती धर्मात भविष्यवाणी कशासाठी असते? फक्त पुढचं सांगायला?

नाही. बायबलमधला संदेष्टा, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारा माणूस, हा ज्योतिषी नव्हे. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय 14) संदेश देण्याचा हेतू सरळ सांगितलाय: लोकांची उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन.

योना या संदेष्ट्याचंच बघा. 40 दिवसांत निनवे शहर उलथून पडेल, असं तो बजावतो. लोक पश्चात्ताप करतात आणि शहर वाचतं. भाकीत खरं ठरलं नाही म्हणून योना रुसून बसतो, पण इशाऱ्याचं काम तर झालेलं असतं!

आशेच्या प्रवचनांत संदेष्टा यिर्मयाच्या पुस्तकातलं एक वचन (29:11) हमखास येतं: देवाचे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत. मात्र हे वचन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान झालेल्या यहूद्यांना यिर्मयाने धाडलेल्या पत्रातलं आहे. त्याच पत्रात, तिथेच घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, सुटकेला 70 वर्षं लागतील, असंही आहे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मात्र दोनच वर्षांत सगळं ठीक होईल म्हणत होता. ऐकायला गोड, पण यिर्मयाने त्याला खोटा ठरवलं. त्यामुळे 'येत्या महिन्यात तुमचं कर्ज फिटेल' छापाच्या प्रवचनांना मी तरी हनन्याच्या रांगेत बसवतो.