दुपारी दोननंतर तिथे कोण असतं?

माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. मी बँकेत आहे, नवरा चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टला जातो. दीड महिन्यात मला रुजू व्हायचंय. सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिच्यामागे पळणं जमत नाही. जुळे सोलापुरात दोन जागा पाहिल्या. एक मोठं डेकेअर आहे: एसी, मोबाईलवर कॅमेरा, महिन्याला ६,५०० रुपये. दुसरं एका काकूंच्या घरचं पाळणाघर: ६ मुलं, घर स्वच्छ, मदतीच्या बाई दुपारी २ पर्यंत, ३,५०० रुपये. काकूंकडे तेलुगू बोलतात, त्यामुळे मुलगी उशिरा बोलेल असं सासूबाईंचं म्हणणं. काय करू?
— गोंधळलेली आई, जुळे सोलापूर

ताई, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मदतीच्या बाई २ ला जातात. म्हणजे दोन ते सहा काकू एकट्या आणि मुलं सहा. एकाने उलटी केली, तेवढ्यात बेल वाजली, तर बाकीच्यांकडे कोण बघणार? केंद्र सरकारच्या पाळणाघरांसाठीच्या सूचनांत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस असा किमान हिशेब आहे. आम्हाला तो फारच सैल वाटतो. दोन वर्षांखालची चार मुलं एका बाईला पुरे होतात. आणि मुलं कितीही कमी असोत, घरात दुसरं मोठं माणूस हवंच.

हाच प्रश्न मोठ्या डेकेअरलाही विचारा. ‘तुमच्याकडे किती ताई आहेत?’ असं नको, ‘लहान मुलांच्या खोलीत दुपारी ३ ला किती असतात, आणि एक रजेवर गेली तर तिच्या जागी कोण?’ असं. सध्याच्या ताई किती महिने टिकल्यात तेही विचारा. दर दोन महिन्यांनी माणूस बदलत असेल तर भिंतीवरच्या कार्टूनचा मुलीला काही उपयोग नाही.

मग दोन्हीकडे फोन न करता दुपारी जा. सकाळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात. जागं असलेलं मूल कोणाजवळ आहे, टीव्ही चालू आहे का, रडणाऱ्याला कोणी उचलतं का, एवढं बघा. एक डायपर बदलताना पूर्ण बघा: खालचं रबर पुसलं का, आणि पुढच्या मुलाला हात लावण्याआधी साबणाने हात धुतले का. नळाला पाणी नसेल तेव्हा हातावर तांब्याने पाणी घालायला दुसरं कोणी लागतं, आणि नेमकं तेव्हाच धुणं राहून जातं. प्रवेशानंतर पालकांना कधीही आत येऊ देणार का, हे स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर ती जागा सोडा.

सोलापुरात आणखी एक जागा बघितल्याशिवाय निघू नका: बाथरूम. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी ड्रम, बादल्या, पिंप भरलेले. या वयात डोकं जड असतं. वाकून पाहताना मूल डोक्यावर पडलं की त्याला स्वतःला वर काढता येत नाही. त्याला वीतभर पाणीही पुरतं, आणि बुडताना आवाज होत नाही. ड्रमला घट्ट झाकण, रिकाम्या बादल्या पालथ्या आणि दाराला बाहेरून वरची कडी, हे तिन्ही हवं. डेंग्यूचे डास याच साठवलेल्या पाण्यात होतात, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून ड्रम आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा नुसती रिकामी करून भागत नाही, आतून घासावी लागते. अंडी भिंतीला चिकटून असतात.

कूलरची वायर आणि प्लग मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे हवेत.

खाण्याचं सोपं आहे. भाकरी दुधात कुस्करून, वरण-भात, काहीही चालेल. शेंगदाणा मात्र अख्खा द्यायचा नाही, श्वासनलिकेत अडकतो. तिथल्या मोठ्या मुलांच्या डब्यातून सांडलेलाही चालणार नाही, तसं सांगून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात घरून दिलेलं दूध बाहेर ठेवू नका, फ्रीज आहे का विचारा. औषधाबाबत कडक राहा. नाव, किती मिली आणि किती वाजता, हे तुमच्या हातच्या चिठ्ठीशिवाय काहीही द्यायचं नाही. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते. मुलगी रोज संध्याकाळी सुस्त दिसायला लागली तर डॉक्टरांना दाखवा आणि पाळणाघरात जाब विचारा.

कॅमेरा असू द्या, पण तो बहुधा हॉलकडे तोंड करून असतो, आणि काउंटरवर बसून तुम्ही तो कितीदा बघणार? रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि लिंक कोणाकोणाकडे आहे, एवढं विचारा.

तेलुगूची काळजी सोडा. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही, आणि सोलापुरात तेलुगू आली तर फायदाच.

आता निर्णय. आमचा कल काकूंकडे आहे, पण एका अटीवर: मदतीच्या बाई ६ पर्यंत थांबल्या पाहिजेत. जास्तीचे पैसे सगळ्या पालकांनी वाटून घेतले तर डोक्यामागे फार पडणार नाहीत. काकूंशी आणि इतर आयांशी आधी बोला. बाई थांबत नसतील, किंवा ड्रम उघडेच राहत असतील, तर मोठं डेकेअर घ्या. त्याआधी तुमच्या आणि नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरला विचारा: ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय देणं २०१७ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं.

जागा ठरली की रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी सुरू करा. पहिले दोन दिवस तुम्ही सोबत तासभर. मग अर्धा तास एकटी, मग जेवणापर्यंत, दुपारची झोप सगळ्यात शेवटी. तिची नजर चुकवून सटकू नका, ‘येते गं’ म्हणा आणि निघा. या वयात रडणार, ते ठरलेलंच. तुम्ही गेल्यावर किती वेळ रडली हे रोज विचारा. दहा दिवसांत तो वेळ कमी होत नसेल तर पुन्हा दुपारी जाऊन बघा. सुरुवातीच्या महिन्यांत सर्दी-ताप वरचेवर येईल आणि तापात तिला पाठवता येणार नाही. त्या दिवशी रजा तुमची की नवऱ्याची, हे आत्ताच ठरवा. गड्ड्याच्या यात्रेत आणि दिवाळीत पाळणाघर किती दिवस बंद असतं तेही विचारून घ्या, आणि मुलीला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं, फोन नंबर लिहून काकूंकडे द्या. त्यात नाव नसेल तर ओळखीच्या शेजाऱ्यालाही मुलगी द्यायची नाही.