वायफायवर पीएलसी-ड्राइव्ह: पिंग ४ मिलीसेकंद, तरी गाडी का थांबते?

पीएलसी (यंत्रांना हुकूम देणारा कंट्रोलर) आणि रुळावरच्या गाडीचा ड्राइव्ह (मोटर चालवणारं उपकरण) वायफायने जोडलेत, पिंग (चाचणीचं पॅकेट जाऊन परत यायचा वेळ) सरासरी ४ मिलीसेकंद येतो, तरी ड्राइव्ह शिफ्टमध्ये दोन-तीनदा फॉल्टला जातो, आणि आता सर्व्हो मोटरचा पोझिशन लूपही (जागा सतत मोजून मोटर दुरुस्त करत राहणारं चक्र) वायफायवर घ्यायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. लूपचा विचार आधी सोडा.

पिंग सेकंदाला एकच पॅकेट टाकतो. तुमचं प्रोफिनेट (पीएलसी आणि ड्राइव्हमधलं औद्योगिक नेटवर्क) ८ मिलीसेकंदांवर आहे, म्हणजे सेकंदाला १२५ फ्रेम (डेटाची पॅकेटं). सलग तीन चुकल्या की २४ मिलीसेकंदांत वॉचडॉग (डेटा वेळेत येतोय का ते पाहणारा टायमर) कनेक्शन तोडतो. एवढीशी फट पिंगला बहुधा दिसतच नाही. सरासरीचा इथे काही उपयोग नाही. दोन फ्रेममधलं सगळ्यात मोठं अंतर मोजा. वायरशार्क (नेटवर्कवरचे फ्रेम नोंदवणारं सॉफ्टवेअर) लावा, पूर्ण शिफ्टभर, गाडी फिरती ठेवून.

वायफायचं रेडिओ आधी ऐकतं, चॅनेल मोकळा नसेल तर रँडम वेळ थांबतं, पोच मिळाली नाही तर आणखी लांब खिडकीतून पुन्हा प्रयत्न करतं. त्यामुळे उशिराला खात्रीची वरची मर्यादाच राहत नाही, मग ॲक्सेस पॉइंट कितीही महागाचा घ्या.

फॉल्ट रुळाच्या ठरावीक जागी येतो का, ते बघा. येत असेल तर पहिला संशय रोमिंगवर, म्हणजे एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाण्यावर, घ्या. रुळालगत लीकी केबल (जी लांबीभर अँटेनासारखी सिग्नल सोडते) टाकली की गाडीला ॲक्सेस पॉइंट बदलावाच लागत नाही. जागा बदलत असेल तर इंटरफेरन्स शोधा. ५ गिगाहर्ट्झवर असाल तर डीएफएस चॅनेल (रडारसोबत वाटून घ्यायचे चॅनेल) टाळा: रडारचा सिग्नल दिसला की ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावाच लागतो, आणि दुसऱ्या डीएफएस चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. एवढं करूनही भागलं नाही तर वेगवेगळ्या चॅनेलवर दोन रेडिओ आणि त्यावर पीआरपी (एकच फ्रेम दोन वाटांनी पाठवायची पद्धत). खर्च वाढतो, पण प्रत्येक फ्रेम दोन्ही वाटांनी जाते. वायरलेसहार्टकडे (सेन्सरसाठीचं औद्योगिक वायरलेस नेटवर्क) वळू नका. १० मिलीसेकंदांच्या स्लॉटचं ते मेश तापमान-लेव्हलसाठी उत्तम आहे, ड्राइव्हसाठी नाही.

पोझिशन लूप ड्राइव्हमध्येच बंद करा. हवेतून फक्त लक्ष्य, वेग आणि स्टेटस जाऊ द्या. मग अपडेट टाइम (दोन फ्रेममधलं ठरलेलं अंतर) ८ ऐवजी ६४ मिलीसेकंद केला तरी चालतं, वॉचडॉग साधारण २०० मिलीसेकंद होतो. मात्र तेवढ्या वेळात १ मीटर प्रति सेकंद वेगाची गाडी ब्रेक लागायच्या आधीच २० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. प्रोफिसेफ (प्रोफिनेटवरून सुरक्षेचे सिग्नल नेणारा प्रोटोकॉल) वायरलेसवरून चालतं, पण त्याचा वॉचडॉग वेळही थांबण्याच्या अंतरात धरा, आणि माणसांच्या वाटेवरचा स्कॅनर (समोर कोणी आलं का ते पाहणारा सेन्सर) थेट गाडीवरच्या सेफ्टी रिलेलाच (गाडी थांबवणारा सुरक्षा स्विच) जोडा.